मधल्या सुट्टीचा हक्क

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण. वक्त्यांनी मागाहून तपासून दिल्याप्रमाणे.)



आपल्या संमेलनात बोलावयास उभे राहणाऱ्याने ज्ञातीचा पूर्वेतिहास, विद्यार्थ्यांचे यश अथवा लग्नकार्यातील अवाजवी खर्च यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा एक अलिखित प्रघात आहे. मी कामावरच्या माणसांच्या जेवणाच्या सुट्टीविषयी बोलणार आहे असे चिटणिसांना कळविले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "भोजनापूर्वी की भोजनोत्तर?" मी म्हणालो, भोजनापूर्वीच. पोट भरल्यावर दुसऱ्याच्या भुकेचा विषय फार लांबचा वाटू लागतो.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे, असे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ठरविले होते. तसा अधिकारी म्हणून मी १९७२ पासून २००५ पर्यंत तेहतीस वर्षे काम केले. प्रथम परळच्या एका कापडगिरणीत आणि १९८२ च्या संपानंतर ती गिरणी बंद पडल्यावर ठाण्याकडील एका कारखान्यात. परंतु हा विषय मी त्या नोकरीत शिकलो नाही. तो त्याच्या आधीच, गिरगावातील एका कापडदुकानात शिकलो.

१९६४ साली मी सतरा वर्षांचा होतो. मॅट्रिकला एकदा नापास झालो होतो. कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलो तो वडिलांची एक चिठ्ठी घेऊन. चिठ्ठी ज्यांच्या नावाची होती ते आपल्याच ज्ञातीतील, नात्याने दूरचे, पण मी त्यांना मामा म्हणत असे. मामांनी चिठ्ठी वाचली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता हे घर तुझेच." ते शब्द त्यांनी मनापासून उच्चारले होते, याविषयी मला आजही शंका नाही. रात्री दुकानातच झोपावयाचे, रात्रशाळेची फी मामा भरणार आणि दोन्ही वेळचा डबा मामींकडून येणार. यापेक्षा अधिक काय हवे?

डबा दुपारी साडेबाराला येई. तो उघडण्याची वेळ मात्र ठरलेली नव्हती. गिऱ्हाईक समोर असताना जेवावयास जाणे शक्य नव्हते आणि चांगल्या दुकानात गिऱ्हाईक नसते असा वेळच नसतो. लग्नसराईत तर साडेतीन-चार सहज वाजत. तोवर आमटीला आंबूस वास आलेला असे. मागच्या गाळ्यात, ताग्यांच्या आडोशाला, उभ्यानेच चार घास पोटात ढकलावयाचे आणि "अरे, तो वरचा हिरवा ताका दाखव" अशी हाक आली की उष्टा हात धोतराला पुसून शिडीवर चढावयाचे. एके दिवशी त्या शिडीवरून मी खाली आलो तो चढल्यापेक्षा बराच लवकर. भोवळ आली होती. मामांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. त्यांनी डॉक्टरांना बोलाविले, मोसंब्यांचा रस पाजला, तीन दिवस मला उठू दिले नाही. चौथ्या दिवशी डबा पुन्हा चार वाजताच उघडला.

तेव्हाच्या मुंबई राज्याचा दुकाने व संस्थांविषयीचा कायदा १९४८ सालचा. दुकानातील नोकराकडून सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये व त्यानंतर त्याला निदान एक तासाची विश्रांती द्यावी, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. एकदा दुकान तपासावयास निरीक्षक आले. हजेरीपटात माझे नाव नव्हते. माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, तेव्हा मामा म्हणाले, "हा नोकर नव्हे, आमचा भाचा आहे." निरीक्षक निघून गेले. आणि मंडळी, खरे सांगतो, त्या क्षणी माझी छाती अभिमानाने फुगली! चार लोकांत मला भाचा म्हटले होते. त्या एका शब्दाने माझा रोजचा एक तास गेला, हे समजावयास मला पुढे दहा वर्षे लागली.

मामा दुष्ट असते तर माझा विषय सोपा झाला असता. ते दुष्ट नव्हते. ते स्वतःही चार वाजताच जेवीत आणि कोणी काही म्हटलेच तर हेच उत्तर देत, "मी तरी कुठे जेवलो आहे?" आपल्यातील व्यापारी बंधूंच्या तोंडून हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकले असेल! ते खोटे नसते. पण मालक उपाशी राहतो तो आपल्या मर्जीने आणि आपल्या गल्ल्यासाठी. वाटेल त्या क्षणी तो उठू शकतो. नोकर उठू शकत नाही. दोघांची भूक एकच, असे म्हणणे म्हणजे उपवास आणि उपासमार यांत भेद नाही असे म्हणण्यासारखे आहे.

हा अर्धा-पाऊण तास कोणी आपण होऊन दिलेला नाही, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपण ऐकले आहे. 'दीनबंधू' पत्राचे ते संपादक. त्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातील मागण्या आज वाचल्या म्हणजे मन थक्क होते. दर रविवारी सुट्टी असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. कामावर इजा झाल्यास भरपाई मिळावी. अर्धा तास! पहाटेपासून अंधार पडेपर्यंत यंत्रापुढे उभा राहणारा माणूस हात जोडून अर्धा तास मागत होता. त्यापूर्वी १८८१ चा जो पहिला फॅक्टरी कायदा झाला, त्याने दिवसातून एक तासाची विश्रांती दिली ती केवळ लहान मुलांना, आणि लहान मुले म्हणजे सात ते बारा वर्षांची. प्रौढ माणसाला भूक लागते, हे कायद्याला अजून मान्य व्हावयाचे होते.

रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मान्य केली. ती कथा सर्वत्र सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. दुपारच्या अर्ध्या तासाची कथा मात्र कोणी सांगत नाही. तो अर्धा तास १८९१ च्या कायद्याने आला; बारा ते दोन या दरम्यान कारखाना पुरता अर्धा तास थांबावा असे त्याने ठरविले. स्त्री कामगारांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली व त्यांना दीड तासाची विश्रांती मिळाली. पुढच्या पायऱ्या भराभर सांगतो. १९२२ मध्ये आठवड्याला साठ तास, १९३४ मध्ये चोपन्न आणि १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस. ही शेवटची सुधारणा झाली तेव्हा मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४८ च्या कायद्याने पाच तासांच्या आत निदान अर्ध्या तासाची सुट्टी बंधनकारक केली आणि विश्रांतीसकट सारा दिवस साडेदहा तासांच्या पलीकडे लांबवू नये असेही घातले. हे दुसरे कलम मोठ्या शहाणपणाचे होते. नाहीतर दुपारी चार तासांची "विश्रांती" देऊन माणसाला पहाटेपासून रात्रीपर्यंत अडकवून ठेवता येते, हे खानावळी आणि उपाहारगृहे चालविणाऱ्या आपल्या बंधूंना मी सांगावयास नको.

बाबासाहेबांचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगतो. ज्ञातीच्या व्यासपीठावरून ती सांगताना मला संकोच वाटतो. पण टाळणे बरे नव्हे. गिरणीत सुट्टी मिळाली तरी सारे एका पंगतीला बसत होते असे नाही. माणसे जातवार, गाववार घोळके करून बसत. पिण्याच्या पाण्याची भांडी वेगळी असत. विणकामाच्या खात्यात तर अस्पृश्य मानलेल्यांना शिरकावच नव्हता. का, तर धोट्यात सूत ओढून घेण्यासाठी तो तोंडाला लावावा लागे, आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने कसा लावावा! अधिक वेतनाचे खाते एवढ्या कारणाने त्यांना बंद राहिले. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. आपल्या ज्ञातीतील माणसेही त्या गिरण्यांत होती, विणकामाच्या खात्यांतही होती. त्यांनी त्या वेळी काय केले हे आपल्या स्मरणिकांत कोठे नोंदलेले मला आढळले नाही.

माझ्या नोकरीच्या काळापर्यंत पाण्याची वेगळी भांडी गेली होती. अर्धा तासही कायद्याप्रमाणे मिळत होता. निदान कागदावर मिळत होता. १९७४ साली मी एक उद्योग केला. साचेखात्यातील एका वयस्क कामगाराच्या मागोमाग घड्याळ घेऊन चाललो. सुट्टी झाल्यापासून खात्याबाहेर पडण्यास तीन मिनिटे, नळापर्यंत चार, नळावरच्या रांगेत पाच; केसांतले आणि भुवयांवरचे कापसाचे तंतू झटकून, हात धुऊन, डबा घेऊन बसेपर्यंत सोळावे मिनिट उजाडले. परत जाऊन साच्यापुढे उभे राहण्यास सहा मिनिटे हवीत. जेवणासाठी उरली आठ मिनिटे. त्या आठ मिनिटांत तो गृहस्थ दोन भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी आणि कांदा संपवी व वर तंबाखूची चिमूट लावी. मी व्यवस्थापकांपुढे हा हिशेब ठेवला. ते म्हणाले, "कायद्यात नळाचे अंतर कोठे लिहिले आहे?" तरी वर्षभर पाठपुरावा केल्यावर खात्याच्या दाराशी सहा नळ आणि भिंतीलगत बाकडी आली. माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून झालेले सर्वांत उपयोगी काम कोणते असे विचाराल, तर ते सहा नळ.

कायद्यात अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्याला उपाहारगृहाची, दीडशेहून अधिक असतील तर विश्रांतीच्या खोलीची तरतूद होती. १९६१ च्या मातृत्वलाभाच्या कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला त्याला पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुट्टी दिली. या सर्वांचा तपशील सांगत बसत नाही. मोठ्या कारखान्यांत काही ना काही तरी होते. प्रश्न आहे तो लहान जागांचा, आणि आपली ज्ञाती बहुतांशी लहान जागांचीच आहे. किराणा, कापड, छापखाना, औषधांचे दुकान, उपाहारगृह. मालक, त्याचा मुलगा आणि पाच-सहा माणसे.

महाराष्ट्रात दुकानांचा नवा कायदा २०१७ साली झाला. त्यानेही सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची सुट्टी सांगितली. परंतु हा कायदा दहा किंवा अधिक माणसे कामावर असतील तेथेच. २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय शासनाने केला. कारखान्यांपुरते बोलावयाचे तर संसदेने २०२० मध्ये केलेली संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली आणि मधल्या सुट्टीचा काळ आता शासकीय अधिसूचनेने ठरावयाचा आहे. या बदलांच्या गुणदोषांत मी आज शिरत नाही. व्यवसाय सुलभ व्हावा यासाठी हे केले, असे सांगतात, तसे असेलही. पण याचा आपल्यापुरता अर्थ एवढाच की, सहा माणसांच्या दुकानात मुलाने केव्हा जेवावे हे पाहावयास आता कोणीही निरीक्षक येणार नाही. "हा भाचा आहे" असे सांगण्याचीही गरज उरलेली नाही.

केरळातील एक हकीगत या ठिकाणी आठवते. तेथील कापडदुकानांतील विक्रेत्या स्त्रियांना दिवसभर बसण्याची मुभा नव्हती. गिऱ्हाईक नसले तरी उभेच राहावयाचे. पायाच्या शिरा फुगत. त्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे झगडून २०१८ मध्ये केरळच्या दुकानांच्या कायद्यात बसण्याचा हक्क घालून घेतला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तोच मार्ग धरला. बसण्यासाठी कायदा! आपण हसतो. परंतु आपल्या दुकानांत गल्ल्यामागे एक खुर्ची असते आणि तीवर कोण बसते, हे घरी गेल्यावर आठवून पाहावे.

दुसरी बाजू मी विसरलेलो नाही. सरकारी कचेरीच्या खिडकीवर "जेवणाची सुट्टी" ही पाटी दीड-दीड तास लोंबकळलेली आपण पाहिली आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाला आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढून एक ते दोन या वेळेत अर्धा तास, असे बजावावे लागले. खिडकीबाहेर ताटकळणाऱ्या म्हाताऱ्याचा वेळ हाही वेळच आहे. माझे म्हणणे उलट याने बळकटच होते. सुट्टी घड्याळावर असली म्हणजे ती दोघांनाही बांधते. मर्जीवर असली म्हणजे बलवानाला दीड तास मिळतो आणि दुबळ्याला आठ मिनिटे.

आणि आता घरची गोष्ट. आपल्या इमारतीच्या दाराशी बारा-बारा तास बसणारा रखवालदार केव्हा जेवतो? त्याच्या जागी तेवढा वेळ कोण बसते? मी आमच्या गृहसंस्थेच्या सभेत हे विचारले, तेव्हा एक सभासद म्हणाले, "तो बसल्या बसल्या जेवतोच की." बसल्या बसल्या जेवतो खरा, पण प्रत्येक घासाला एक मोटार येते आणि उठून दार उघडावे लागते. आम्ही आता दुपारी अर्धा तास आळीपाळीने खाली बसतो. निवृत्त माणसांना वेळ असतो. प्रथम लाज वाटली, हे कबूल करतो.

गतवर्षीच्या संमेलनात मी हात धुण्यासाठी मागील अंगणात गेलो होतो. सव्वाचार वाजले होते. तीन पंगती उठल्या होत्या. चौथी, उशिरा आलेल्यांची, नुकती आटोपली होती. भांडी घासणारी एक बाई नळाशेजारी उभी राहून पातेल्याच्या बुडाचा मसालेभात खात होती. डाव्या हाताला अजून राख लागलेली होती. मी विचारले, "सकाळपासून काही खाल्ले नाही का?" ती म्हणाली, "चहा झाला सातला." सात ते सव्वाचार म्हणजे नऊ तासांहून अधिक. १८८४ च्या अर्जातील माणूस यापेक्षा निराळे काय सांगत होता? आणि हे कोणा निष्ठुर गिरणीमालकाच्या आवारात घडत नव्हते. वर सभागृहात त्याच वेळी आपण अन्नदात्यांचे आभार मानीत होतो.

मी कार्यकारिणीला पत्र लिहिले. त्यावर मतभेद झाले. पाहुण्यांच्या आधी वाढपी जेवले तर ते शास्त्राला व रूढीला धरून होईल का, असा एक आक्षेप निघाला. "आधी पोटोबा मग विठोबा" ही म्हण पोटोबा कोणाचा ते सांगत नाही, असे एका तरुण सभासदाने उत्तर दिले. त्यावर हशा पिकला आणि आक्षेप मागे पडला. खर्चाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न केवळ पाऊण तासाचा होता.

दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येत आहे. संस्थेचे मंगल कार्यालय यापुढे ज्याला भाड्याने दिले जाईल, त्याच्याकडून स्वयंपाकी, वाढपी व सफाईची माणसे यांना पहिल्या पंगतीपूर्वी बसून जेवण मिळेल असे लेखी घ्यावे, असा त्याचा आशय आहे. त्यास माझी एक पुरवणी सूचना आहे. ज्ञातीतील मुलगा ज्ञातीतील दुकानात ठेवताना जे पत्र आपल्या संस्थेमार्फत दिले जाते, त्यात पगाराच्या खाली एक ओळ वाढवावी: जेवणाची वेळ अमुक ते अमुक. भाचा असला तरी ही ओळ लिहावी. भाचा असेल तर अवश्य लिहावी. मतदान होईल, विरोधही होईल. ज्यांना हे पटत नाही त्यांनी सभेत उठून बोलावे, घरी जाऊन बोलू नये, एवढीच विनंती.

श्रोत्यांत पुढच्या दोन रांगा रिकाम्या दिसत आहेत, त्यावरून भाषण कंटाळवाणे झाले असा ग्रह करून घेऊ नये. तरुण मंडळातील ती मुले-मुली खालच्या दालनात वाढावयास गेली आहेत. स्वयंपाकघरातील माणसे या वेळी पाटावर बसलेली आहेत. त्यामुळे आपली पहिली पंगत नेहमीप्रमाणे सव्वाबाराला न बसता एक वाजता बसेल. ज्या वडीलधाऱ्यांना औषधासाठी वेळेवर काही खावे लागते, त्यांच्याकरिता डावीकडच्या खोलीत पोहे आणि दूध ठेवले आहे. त्यांनी संकोच न करता आताच तिकडे जावे.